हेड गॅस्केट गेलंय म्हणतात, ६२ हजार सांगितलेत. इंजिन उघडू द्यायच्या आधी काय तपासून घेऊ?

कात्रजकर (धागाकर्ता), शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसता वाचत बसतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

गुरुवारी दुपारी पुण्याहून कराडला निघालो होतो, मावसभावाच्या लग्नाला. गाडीत मी, बायको, आई आणि आहेराच्या पिशव्या. गाडी नऊ वर्षं जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, ८४ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कुठली गाडी भारी यावर जाईल. खंबाटकीत पुढे कंटेनर बंद पडला होता. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत चढत होतो, एसी चालू. अर्धा घाट झाल्यावर बायको म्हणाली, "कसला तरी गोडसर वास येतोय." मी म्हटलं, पुढच्या ट्रकचा असेल. (हे वाक्य आता वर्षभर ऐकायचंय.) दोन मिनिटांत तापमानाचा काटा एचला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. लगेच कडेला घेऊन बंद केली.

अर्ध्या तासाने एका टेम्पोवाल्याने मदत केली. टाकीत दोन बाटल्या पाणी गेलं. गाडी सुरू झाली, काटा खाली होता. किलोमीटरभर गेलो असू, परत वर. या वेळी लगेच बंद केली ती पुन्हा लावलीच नाही. १०३३ ला (हायवेची हेल्पलाइन) फोन केला, क्रेन आली, घाटापलीकडे हायवेलगतच्या एका गॅरेजात गाडी नेली. मालकाने बॉनेट उघडलं, टाकी रिकामी बघितली आणि उभ्या उभ्या म्हणाला, "हेड गॅस्केट उडालं. हेडही वाकलं असणार." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचं सील, एवढं नंतर कळलं.)

मोबाइलवर आलेलं एस्टिमेट जसंच्या तसं: "इंजिन काम ६२०००, जीएसटी वेगळा. खोलल्यावर वाढू शकते." खोलायला साडेचार हजार ॲडव्हान्स मागत होता. सोमवारी सांगतो म्हणालो आणि एसटीने कराड गाठलं. गाडी तिथेच आहे, अजून उघडलेली नाही.

मला गाडीतलं कळत नाही. माणूस फसवतोय की खरंच सांगतोय, हे कसं ओळखायचं?

---

डोंगरवाट, शनिवार, रात्री ११.०५

पळा तिथून. हायवेचं गॅरेज म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही हे त्याला माहीत असतं. फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा आणि पुण्यात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाका.

---

चहा_कमी_साखर, शनिवार, रात्री ११.२०

डोंगरवाट, आणि तिथे काय होणार? माझ्या गाडीला तिथल्या ॲडव्हायझरने इंजिन असेंब्लीच बदला म्हणून सांगितलं होतं. बॉनेट न उघडता. फरक एवढाच की तिथे एसीत बसवून कॉफी देतात.

कात्रजकर, एक ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचतो तो) घ्या, हजाराच्या आत मिळतो. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात लावायचा. कोड काय आलाय ते मोबाइलवर दिसेल. मग तुम्हीच त्याला सांगा काय बिघडलंय ते.

---

रिटायर्ड_एसटी, रविवार, सकाळी ६.१५

आगारात ३१ वर्षं काढली. डिझेलवर हात बसलाय, पण तापलेलं इंजिन ते तापलेलंच इंजिन.

कात्रजकर, आधी खालील गोष्टींची उत्तरं द्या, मग बोलू.

ऑइलची कांडी ओढून बघितली का? ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय की नेहमीचं आहे? सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता का? वाफ नेमकी कुठून येत होती, पुढे रेडिएटरच्या बाजूने की मागे इंजिनावरून? घाटात रांगत असताना पुढचा पंखा चालू असल्याचा आवाज येत होता का? आणि गेल्या महिन्याभरात एसी कसा चालला?

दुसरं. पाणी घातल्यावर काटा खाली होता म्हणून तुम्ही गाडी पुढे काढली. सगळ्यांची इथेच चूक होते. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी उतरून तो वाफेत किंवा हवेत लोंबकळला की काटा वाटेल ते दाखवतो. काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड झालं असं धरू नका. बरं झालं एका किलोमीटरवर थांबलात.

आता कुणी "जरा स्टार्ट करून बघू" म्हणालं तर करू देऊ नका.

---

कात्रजकर, रविवार, सकाळी ९.३०

काका, कांडी मालकाने ओढली होती, ऑइल काळपट पण साधं होतं. पांढरा धूर आठवत नाही. वाफ पुढून, डाव्या हेडलाइटच्या मागून येत होती. पंख्याचं लक्षात नाही.

एसीबद्दल विचारलंत म्हणून आठवलं. महिनाभर सिग्नलला थांबलो की एसी कोमट हवा द्यायचा आणि गाडी पळायला लागली की परत गार. गॅस कमी झाला असेल म्हणून मी पावसाळ्यानंतर बघू म्हणत होतो.

---

रिटायर्ड_एसटी, रविवार, सकाळी ९.४१

पंखा. पैजेवर सांगतो.

गाडी पळते तेव्हा वारा जाळीतून आपोआप आत येतो. थांबली किंवा घाटात रांगली की पंख्याशिवाय वारा नाही. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यातच असतो. पंखा बंद पडला की आधी एसी कोमट होतो, मग एखाद्या घाटात काटा वर जातो. तुमची गाडी महिनाभर सांगत होती.

पण पंखा हे कारण असलं तरी गॅस्केट गेलंच नाही असं म्हणता येत नाही. एका कारणाचं दुसरं दुखणं होऊ शकतं. तपासायला लागेल.

---

उद्यमनगर, रविवार, दुपारी १.५०

कोल्हापुरात गॅरेज आहे, शेजारीच लेथ. रोज दोन-तीन हेड फेसिंगला (घासून सपाट करायला) येतात, त्यामुळे या विषयावर जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे, रिकामी टाकी बघून "गॅस्केट उडालं" म्हणणारा ज्योतिषी हाय, मेकॅनिक न्हवं. त्याचं बरोबर निघेलही. तरी तो अंदाजच.

इंजिन न उघडता तीन टेस्ट होतात.

एक, प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवायचा आणि झाकणावर जेवढा आकडा छापलाय तेवढा दाब भरायचा, बहुतेक गाड्यांत एक बारच्या आसपास. दहा-पंधरा मिनिटं काटा हलला नाही तर सिस्टिम बाहेरून घट्ट आहे. उतरला तर टॉर्च घेऊन शोधायचं: होस पाइप, क्लिप, वॉटर पंप, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी दाब उतरतोय, तर पाणी आत कुठेतरी जातंय. तेव्हा गॅस्केटचा संशय घ्यायचा.

दोन, कॉम्प्रेशन. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. चौघांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. शेजारशेजारचे दोन पडलेले दिसले तर त्या दोघांमधलं गॅस्केट फाटल्याची शक्यता मोठी.

तीन, निळ्या पाण्याची टेस्ट. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवायची, तिच्यात निळं द्रावण. इंजिन चालू ठेवून कुलंटवरची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यावरची) हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला जळका गॅस कुलंटमध्ये येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. पण याला इंजिन चालवावं लागतं, म्हणून गळती बंद करून पाणी भरल्याशिवाय ही करायची नाही. क्रम चुकवू नका.

तिन्ही मिळून दीड-दोन तासांचं काम. आमच्याकडे याचे १,५०० घेतो.

आता डोंगलबद्दल. चहा_कमी_साखर, डोंगल वाईट नाही, माझ्याकडेही आहे. पण पी ०२१७ कोड आला तर त्याचा अर्थ इंजिन तापलं एवढाच. ते तर वाफेनेच सांगितलं की. कोड म्हणजे पंचनामा, निकाल नव्हे. पंख्याच्या सर्किटचा पी ०४८० आला तर मात्र उपयोग आहे.

पंखा तपासायला इंजिन लागतच नाही. पंख्याचा कनेक्टर काढून बॅटरीवरून दोन वायरींनी थेट करंट द्या. फिरला तर मोटर चांगली, फ्यूज, रिले किंवा वायरिंग बघा. नाही फिरला तर मोटर गेली. पाच मिनिटं.

आणि आता जरा आमच्या बाजूचं. गिऱ्हाईक तपासणीचे पैसे देत नाही. डॉक्टरला फी देता, रक्त तपासायला लॅबला देता, आमच्याकडे आलात की "नुसतं बघा तर". दीड तास बघून मी सांगितलं की बाराशेचा थर्मोस्टॅट आहे, की तोच माणूस पुढच्या चौकात जाऊन हजारात बसवतो. असं चार वेळा झालं की गॅरेजवाला तपासणं सोडतो आणि मोठ्यात मोठं काम धरून आकडा सांगतो. त्यात त्याची सगळी बाजू सुरक्षित. हे बरोबर आहे असं म्हणत नाही. पण असं होतं.

म्हणून सोमवारी त्याला एवढंच सांगा: तपासणीचे वेगळे पैसे देतो, टेस्ट माझ्यासमोर करा, निकाल कागदावर द्या. काम द्यायचं की नाही ते नंतर.

---

मीरा_नाशिक, रविवार, दुपारी ३.१०

उद्यमनगर यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. पण उलट बाजूचा अनुभवही लिहिते.

दोन वर्षांपूर्वी कसाऱ्यात आमची गाडी अशीच तापली. इगतपुरीच्या मेकॅनिकने गॅस्केट सांगितलं. आम्ही अशाच एका चर्चेतून शिकून गेलो होतो की हे लोक लुबाडतात. त्याला उडवून लावलं, रेडिएटर बदलून घेतला आणि खूश झालो. नंतर दर आठवड्याला टाकीतलं कुलंट थोडं थोडं कमी व्हायचं. ओल कुठेच दिसायची नाही. यांनी दर रविवारी टॉपअप करायचं, मी म्हणायची अहो हे जातंय कुठे. तिसऱ्या महिन्यात सिन्नरजवळ इंजिन जॅम. १ लाख १० हजार.

इगतपुरीचा तो माणूस बरोबर होता. त्याने टेस्ट करून सांगितलं असतं तर आम्ही ऐकलं असतं, आणि आम्ही टेस्ट मागितली असती तर त्याने केलीही असती. दोन्ही झालं नाही.

---

डोंगरवाट, रविवार, दुपारी ३.२५

मीराताई, वाईट वाटलं. "पळा तिथून" मागे घेत नाही, पण थोडं हळू पळा म्हणतो.

---

वकीलबाई, रविवार, संध्याकाळी ७.००

कायद्याचं थोडक्यात, कारण अशा वेळी लोक भांडण करतात आणि कागद विसरतात.

१. गाडी गॅरेजात ठेवताना जॉब कार्ड घ्या. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती, गाडीत काय सामान आहे. "सांगितल्याशिवाय इंजिन उघडू नये" हे वाक्य त्यावर किंवा निदान मेसेजवर लिहा. कात्रजकर, हा मेसेज आत्ता पाठवा.

२. काम झाल्यावर मजुरी न देता गाडी मागितली तर ती अडवून ठेवण्याचा हक्क गॅरेजवाल्याला आहे, भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०. त्यामुळे वाद असेल तर काम सुरू व्हायच्या आधी घाला. काम झाल्यावर सगळी ताकद त्याच्याकडे जाते. तेव्हा पैसे "हरकत नोंदवून" भरा, गाडी सोडवा आणि मग तक्रार करा.

३. बिल न देणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी व्यवहारात मोडतं. पक्कं बिल मागाच. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. जिल्हा आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

४. जीएसटी. नंबर नसलेल्या गॅरेजवाल्याला जीएसटी लावता येत नाही. नंबर असेल तर मजुरीवर १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरही १८ टक्केच आहे, आधी बहुतेकांवर २८ होता. मात्र खोक्यावरची एमआरपी सगळ्या करांसकट असते. एमआरपी लावून त्यावर वर जीएसटी, हे चालत नाही. हे इतक्या ठिकाणी चालतं की लोकांना तोच नियम वाटतो.

---

सॅनहोजेकर, सोमवार, सकाळी ७.४५

इकडे कॅलिफोर्नियात १९७१ च्या कायद्याने नेमलेलं, गाडी दुरुस्तीवर लक्ष ठेवणारं राज्य सरकारचं वेगळं खातंच आहे. लेखी एस्टिमेट दिल्याशिवाय कामाला हात लावता येत नाही, आकडा वाढणार असेल तर आधी विचारावं लागतं आणि काम सोपवतानाच सांगितलं तर बदललेले जुने पार्ट परत मिळतात. त्यामुळे इकडे कुणी फसवत नाही असं समजू नका, फक्त फसवणाऱ्याला जास्त कागद भरावे लागतात. टेस्टिंगचे मात्र इकडे सरळ वेगळे पैसे लावतात, बहुतेक तासाच्या दराने.

जुने पार्ट मागायची सवय तिथेही लावा. कायदा असो नसो, "काढलेले पार्ट मला द्या" असं आधी म्हटलं की समोरच्याच्या कामात फरक पडतो.

---

चहा_कमी_साखर, सोमवार, सकाळी ८.१०

जुने पार्ट मागितले तर आमच्या मिस्तरीने दुसऱ्याच गाडीचा वॉटर पंप पिशवीत घालून दिला होता. घरी आल्यावर लक्षात आलं, आमचा कधी बदललाच नव्हता. बाकी चालू द्या.

---

उद्यमनगर, सोमवार, सकाळी ८.३०

@चहा_कमी_साखर, म्हणून पार्ट काढायच्या आधी मार्करने खूण करायची.

कात्रजकर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. साताऱ्यात एक मिस्तरी आहे, माझ्याकडे सहा वर्षं होता, आता स्वतःचं करतो. किट घेऊन येईल. पण तिथल्या मालकाला आधी फोन करून सांगा. दुसऱ्याच्या अड्ड्यावर न सांगता माणूस नेणं बरं दिसत नाही.

---

कात्रजकर, बुधवार, रात्री ९.१५

वृत्तांत. उशीर झाला, माफी.

मंगळवारी सकाळी गेलो. मालकाला आदल्या दिवशी फोन केला होता, तेव्हा तो भडकला. "विश्वास नसेल तर गाडी उचला." मी म्हटलं, "विश्वास आहे, पण ६२ हजार घरी सांगायचे तर मला कागद पाहिजे. तपासणीचे पैसे मी देतो." थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "या." गेल्यावर खुर्ची दिली, चहाही आला.

मिस्तरीने पहिल्यांदा झाकण हातात घेऊन रबर दाखवलं, कडेला चिरलेलं होतं. मग हातपंप लावून एक बार भरला. मिनिटभरात काटा ०.६ वर. आणि डाव्या बाजूला, जिथून वाफ आली होती तिथेच, रेडिएटरची ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी जिथे जोडतात त्या शिवणीतून फुस्स आवाज आणि थेंब. मालक स्वतः वाकून बघत होता.

मी म्हटलं, मिळालं. मिस्तरी म्हणाला, "मिळालं, पण संपलं नाही. बाहेर गळतंय म्हणून आत गळत नाही असं नसतं." मग प्लग काढून कॉम्प्रेशन घेतलं. आकडे लिहून घेतलेत: १७२, १७०, १६५, १७१ पीएसआय. पुढे पंख्याला बॅटरीवरून थेट करंट दिला. जागचा हलला नाही. बोटाने ढकलल्यावर अर्धा फेरा फिरून थांबला. काका, पैज जिंकलात.

आता ज्यावर तुम्ही मला शिव्या घालणार ते. काम त्याच गॅरेजात करून घेतलं.

गाडी हलवायला वेगळे पैसे गेले असते हे एक. दुसरं, त्याच्याकडचा फिटर पोरगा मला आवडला. टेस्ट चालू असताना तो सगळं पाठ करत असल्यासारखा बघत होता. मालकाला म्हटलं, प्रत्येक पार्टचा आणि लेबरचा आकडा वेगळा लिहा, खाली "यापेक्षा वाढणार असेल तर आधी विचारणार" असं लिहा. लिहिलं. सामान साताऱ्यातून मी स्वतः मिस्तरीबरोबर जाऊन आणलं, सगळं सीलबंद खोक्यात.

रेडिएटर ६,४००, फॅन मोटर २,९५०, थर्मोस्टॅट १,१५०, कुलंट १,०५०, झाकण ३५०. म्हणजे ११,९००. दुकानाची बिलं गॅरेजच्या हिशेबात धरली तेव्हा मालकाने त्यावर १८ टक्के लावले. वकीलबाई आठवल्या. खोक्यावरची एमआरपी दाखवून म्हटलं, "यात कर आलाय, आणि हे तर मीच आणलंय." त्याने काही न बोलता रेघ मारली. लेबर २,८०० आणि त्यावर जीएसटी ५०४. मिस्तरीचे १,५०० वेगळे. सगळे मिळून १६,७०४.

पाणी भरून, हवा काढून इंजिन चालू केलं आणि शेवटी निळ्या पाण्याची टेस्ट. दहा मिनिटं सगळे त्या नळीकडे बघत उभे. निळं ते निळंच राहिलं. पंखा एकदा घरघरला तेव्हा फिटर पोराने टाळी वाजवली.

---

डोंगरवाट, बुधवार, रात्री ९.३०

६२ हजार सांगणाऱ्यालाच लेबर दिलंत?! कमाल आहे. अशानेच यांचं फावतं. तुम्ही १९१५ ला फोन करायला हवा होता.

---

वकीलबाई, बुधवार, रात्री ९.५२

डोंगरवाट, तक्रार कशाची? पैसे घेतले नाहीत, इंजिन उघडलं नाही. चुकीचा अंदाज सांगणं म्हणजे फसवणूक होत नाही. उघडल्यावर न लागणारं काम करून पैसे घेतले असते तर गोष्ट वेगळी.

---

मीरा_नाशिक, बुधवार, रात्री १०.०४

मला तर तो लबाड वाटत नाही, आळशी वाटतो. आमचा इगतपुरीवाला आळशी होता पण बरोबर होता. हा आळशी होता आणि चुकला.

---

डोंगरवाट, बुधवार, रात्री १०.१०

आळसाचे ६२ हजार? साडेचार हजार ॲडव्हान्स देऊन हेड उघडलं असतं तर "वाकलंय" म्हणायला त्याला कोण अडवणार होतं?

---

उद्यमनगर, गुरुवार, सकाळी ७.२०

डोंगरवाट यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. हेड वाकलंय की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही. हेडवर सरळ पट्टी ठेवायची आणि तिच्याखाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) घालायचा. बऱ्याच इंजिनांत मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमकी त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये. म्हणजे हेड उघडायची वेळ आलीच तर लेथवर पाठवायच्या आधी "माझ्यासमोर पट्टी लावा" म्हणायचं. पाच-सात जागी मोजतात, फोटो काढा. आणि खूप इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, एस्टिमेटमध्ये नवे बोल्ट नसतील तर विचारा. स्वस्त एस्टिमेटमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं आणि सहा महिन्यांनी तेच काम परत येतं.

तो माणूस लबाड की आळशी, मला इथून सांगता येत नाही. घाटाच्या तोंडाशी गॅरेज असलेल्याकडे उन्हाळ्यात तापलेल्याच गाड्या येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी काटा वर असताना दहा-दहा किलोमीटर रेटलेल्या असतात. त्यांचं गॅस्केट खरंच गेलेलं असतं. रोज तेच बघून डोळा तसा होतो. माझाही झाला होता एकेकाळी, प्रत्येक घरघरीत मला क्लच प्लेट ऐकू यायची.

कॉम्प्रेशनमध्ये तिसरा सिलिंडर १६५ आहे. चिंता नाही, पण वर्षभराने परत मोजून घ्या. कुलंटची पातळी महिनाभर दर रविवारी, इंजिन गार असताना, टाकीवर रेघ मारून बघा. मीराताईंनी सांगितलं ते विसरू नका.

---

कात्रजकर, गुरुवार, सकाळी ८.०५

रेघ मारली. आणि एक सांगायचं राहिलं. निघताना मालक गाडीपर्यंत आला आणि मिस्तरीला बाजूला घेऊन विचारलं, "हे किट कितीला येतं?"

---

चहा_कमी_साखर, गुरुवार, सकाळी ८.१२

आता एस्टिमेट ६२,००० अधिक टेस्ट १,५००.

---

कात्रजकर, तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.३०

धागा वर काढतोय. आज परत कराडला जाऊन आलो. जाताना खंबाटकी, दुपारी दोन वाजता, एसी फुल्ल. डोंगल घेतलाच शेवटी. घाटभर तापमान ९१ ते ९६ च्या मध्ये, ९६ ला पंखा लागायचा आणि आकडा उतरायचा. बायको म्हणाली, रस्त्याकडे बघ. टाकीतली रेघ होती तिथेच आहे.

---

रिटायर्ड_एसटी, रविवार, संध्याकाळी ७.१०

छान. जुना रेडिएटर डिकीतच आहे ना अजून? भंगारात देताना दोन्ही बाजूच्या प्लास्टिकच्या टाक्या काढून द्या, नुसत्या ॲल्युमिनियमला भाव बरा येतो.